वरबघ्यांची वरची पॉलिसी

वरबघे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते मी ठेवलं. दारातून आत आलेला माणूस आधी आपल्याकडे पाहतो, निदान चपला कुठे काढायच्या ते तरी पाहतो. हे गृहस्थ उंबऱ्यातच थांबायचे, मान मागे टाकायचे आणि छताकडे पाहायचे. पंखा, झुंबर, वायरी, कोपऱ्यातली ओल, सगळं पाहून झालं की मान सावकाश खाली यायची आणि मग शब्द, "नमस्कार वैनी. सगळं खैरियत?" खैरियत आहे की नाही हे ते छताला विचारून मोकळे झालेले असत. मला विचारायचं ते रीत म्हणून.

निजामाच्या जुन्या शहरात, जामबागेत, आमचं मंगल कार्यालय होतं. सासऱ्यांनी काढलेलं, साधंसुधं. सतरंज्या, पाट, पितळी पातेली, पंगती. मी पुण्याहून लग्न होऊन आले आणि वीसेक वर्षांनी सासरे गेल्यावर कारभार माझ्या हातात आला. तेव्हा देश नुकता उघडला होता. टीव्हीवर चॅनेल वाढली होती, सुलतान बाजारात परदेशी सेंट उघड्यावर मिळायला लागले होते, आणि लोकांना लग्नात बुफे हवा होता. मी ठरवलं, आपणही उघडायचं. बँकेकडे इमारत गहाण टाकली, 'मंगल कार्यालय' ही पाटी उतरवून 'फंक्शन हॉल' अशी लावली, आणि नवरा-नवरीला घेऊन गोल फिरणारं स्टेज बसवून घेतलं. उद्घाटनाला मी शिफॉनची साडी नेसले होते आणि आल्यागेल्याशी इंग्रजीत बोलत होते. ती बाई आज समोर आली तर मी तिला आधी तोंड धुऊन यायला सांगेन.

त्याच उद्घाटनाला वरबघे पहिल्यांदा आले. विम्याचे एजंट. अंगाला अत्तर, केसांना कलप, गळ्यात रेशमी रुमाल, आणि वेळ अचूक जेवणाची. छत पाहून झाल्यावर ते म्हणाले, "झुंबर सुंदर आहे. खाली कोण बसणार?"

बाकीचे एजंट आपल्या मरणाचा विमा विकत. हे दुसऱ्याच्या दुखण्याचा विकत. तुमच्या दुकानात, कारखान्यात, हॉलमध्ये आलेल्या परक्या माणसाला काही झालं आणि त्याची भरपाई तुमच्यावर आली, तर ती कंपनीनं द्यायची, असा विमा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तुम्ही एक, कंपनी दोन. तिसरा अजून यायचा आहे." या तिसऱ्याबद्दल ते इतक्या आपुलकीनं बोलत की एखाद्या स्थळाबद्दल बोलत आहेत असं वाटे. सुलतान बाजारात नव्या दुकानाला हार घालत असताना हे मागून म्हणणार, "बोर्ड पक्का बसवलाय ना सेठ? खालून कुणाची तरी आई जाईल." लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. ते हात उंचावून पलीकडच्या फुटपाथला नमस्कार करत.

आमच्याकडे साधा विमा होता. बँकेनं घ्यायला लावलेला, त्यातल्या त्यात स्वस्त. वरबघ्यांना मला 'वरची' पॉलिसी विकायची होती. कंपनीच्या कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. ते तिला नुसतं वरची म्हणत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"वैनी, पंगत बसलीय. कढीचं पातेलं संपलं. तुम्ही पाहुण्याला उठा म्हणता का? नक्को. आतून दुसरं पातेलं येतं. साध्या पॉलिसीची एक हद्द आहे. ती संपली की पुढचं तुमच्या घरादारातून जाणार. तिथून ही वरची सुरू होते. मी काय बोलायलोय ते ध्यानात येतंय ना?"

"'बोलायलोय' नाही, 'बोलतोय'," मी म्हटलं. पुण्याहून येताना मी दोनच गोष्टी बरोबर आणल्या होत्या, एक शिलाई मशीन आणि एक ही खोड.

"हौ, बोलतोय," ते म्हणाले आणि आणखी एक जिलबी घेतली. "बोलतोय, पण तुम्ही ऐकायल्या कुठं?"

आमचे हे नको म्हणत होते. मीही नकोच म्हणणार होते. पण जाता जाता वरबघे म्हणाले, "बरं राहू द्या. अफझलगंजच्या कमलाबाईंनी कालच घेतली. त्यांचा हॉल मोठा पडतो म्हणा." झालं. कमलाबाईंचा हॉल माझ्या हॉलपेक्षा मोठा असता कामा नये, या एका तत्त्वावर मी आयुष्य काढायला बसले होते. मी त्यांना फाटकातून परत बोलावलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कमलाबाई आणि मी एका बारशाला शेजारी बसलो तेव्हा कळलं की कमलाबाईंनाही त्यांनी त्याच दुपारी ती घ्यायला लावली होती, जामबागवाल्यांनी काल घेतली असं सांगून. त्या दुपारी दोघींकडेही ते जेवले होते.

वरबघ्यांना सगळं आधी दिसायचं असं मात्र समजू नका. त्यांचा एकही अंदाज खरा ठरला नाही. झुंबर पडेल म्हणाले, ते अजून शाबूत आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कुणीतरी घसरेल म्हणाले, तिथे फक्त ते स्वतः घसरले. फिरत्या स्टेजवरून नवरी उडून मेहुण्यांच्या अंगावर पडेल असं तर ते प्रत्येक लग्नसराईत म्हणायचे. आणि जे झालं ते छताकडे नव्हतंच.

हॉल आणि जेवणघर यांच्या मध्ये मी काचेचं दार बसवलं होतं. एकसंध, वरपासून खालपर्यंत. पुसणाऱ्या बाईला माझी ताकीद होती, दार आहे हे कळता कामा नये. ती बिचारी कामाला पक्की होती. एका दुपारच्या लग्नात नवरा-नवरी स्टेजवरून उतरून जेवायला निघाले. पुढे यूसुफ, व्हिडिओवाला. नवरीकडच्यांनी आणलेला, पंचविशीचा पोरगा. तेव्हाचे कॅमेरे खांद्यावर गाढवाएवढे बसायचे. तो कॅमेरा खांद्यावर घेऊन, डोळा लावून, उलटा चालत येत होता. "दुल्हे भाई, थोडा हँसो. हाँ, ऐसेच." नवरदेव हसला. यूसुफ पाठीनं दारातून आरपार गेला.

आवाज मला आठवत नाही. सनईची कॅसेट चालू राहिली हे आठवतं. यूसुफ बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. त्याला उचलून नेलं. लोक माझ्याकडे पाहू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि म्हणाले, "दुसरं पातेलं काढा." मग परत येऊन पाहुण्यांना म्हणाले, "जेवून घ्या, जेवून घ्या." काचा वेचून होईपर्यंत मी एवढंच म्हणत होते असं आमचे हे सांगतात. मला त्यातलं काही वाटल्याचं स्मरत नाही. पुढचे कित्येक महिने तसेच गेले. जेवत होते, केस विंचरत होते. सासूबाई म्हणायच्या, रडून घे एकदा. मी हो म्हणायचे, आणि कुठे ठेवलंय ते सापडत नसल्यासारखी हिंडायचे.

यूसुफच्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या. हात राहिला, पण बोटं वळेनात. कॅमेरा उचलणं संपलं. आई, दोन बहिणी आणि घरात मिळवता तो एकटा. आणि इकडे आमची इमारत बँकेकडे. भरपाईचा आकडा साध्या पॉलिसीच्या हद्दीबाहेर गेला तर दोघांतलं एक घर उठणार, हे आमच्या वकिलानं चहा पिता पिता सांगितलं. वरच्या पॉलिसीचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बघू. तो पोरगा जमेल तेवढ्यावर मिटवायला तयार आहे. तुमचं नशीब."

तयार होता, पण दोनच दिवस. मग अचानक त्यानं नकार दिला आणि वकिलाची नोटीस पाठवली. मी दवाखान्यात गेले तर वरबघे त्याच्या खाटेशी बसलेले. छत बघून झालेलं असावं, कारण खाट पंख्याखालून ओढून भिंतीशी घेतली होती. यूसुफच्या वाट्याचं केळं खात ते त्याला समजावत होते, दावा कसा मांडायचा. आजवरचा खर्चच नाही, पुढची मिळकतसुद्धा कशी धरायची. कुठली पावती जपायची.

त्यांना मी व्हरांड्यात बाहेर ओढलं. "तुम्ही आमचे एजंट की त्याचे?"

"तुमचा, वैनी."

"मग त्याला शिकवताय काय? हप्ते आम्ही भरले!"

"हौ, भरले ना. देवळाबाहेर हार घेता, पैसे तुम्ही देता. म्हणून हार काय तुमच्या गळ्यात घालायचा?" त्यांनी केळ्याची साल कुठे टाकावी ते शोधलं. "त्याचा आहे तो. तो आला नव्हता म्हणून इतके दिवस तुमच्याकडे ठेवला होता."

मी काहीतरी बोलले असेन. 'शिकवायलेत' असं मात्र मीच म्हणाले, एवढं नक्की, कारण ते हसले आणि म्हणाले, "'शिकवताय', वैनी."

पुढे काही वर्षं कोर्टकचेरी झाली. साध्या पॉलिसीची हद्द संपली, तिथून वरची सुरू झाली आणि शेवटपर्यंत पुरली. हॉल आमचाच राहिला. यूसुफनं सुलतान बाजारात कॅसेटचं दुकान टाकलं, मग फोटोचं, मग मोबाइलचं. बहिणींची लग्नं झाली, दोन्ही आमच्या हॉलमध्ये. तो डाव्या हातानं वाढत होता.

वरबघ्यांची एजन्सी गेली. एजंटनं जखमी माणसाला दावा मांडायला शिकवायचं, हे कुठल्या कंपनीला चालेल? मी चौकशीला गेले तेव्हा कलप उडालेला होता आणि केस पांढरे निघाले होते. "चालतंय वैनी," ते म्हणाले. "आता फुकट बघतो." आणि खरोखर बघत हिंडले. काही विकायचं नसताना दुकानात शिरायचे, वर पाहायचे, काही सुटलेलं दिसलं तर सांगायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. आता त्यांना पाहून रस्ता बदलणारे कमी झाले होते. काचेचं नवं दार बसलं त्या दिवशी ते आले, माझ्याकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि दारावर डोळ्यांच्या उंचीला एक मोठी लाल टिकली लावली. "आता दार सवाष्ण झालं," म्हणाले. पुण्याची मी, मला ते भयंकर ओंगळ वाटलं होतं.

हल्ली माझी नात ज्या ऑफिसात जाते ते सगळंच काचेचं आहे. मी तिच्याबरोबर गेले की पर्समध्ये पाकीट असतं. शिपाई टिकली खरवडतो आणि म्हणतो, "अम्मा, ऐसा नक्को." मी बरं म्हणते आणि पुढच्या दाराला लावते. नात चार पावलं पुढे चालते, ओळख नसल्यासारखी.

वरबघे गेल्याचा निरोप आला तेव्हाही मला काही वाटलं नाही. मला वाटलं होतं, निदान यावेळी वाटेल. अफझलगंजच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. अत्तराचा वास अजून होता. त्यांना जमिनीवर ठेवलं होतं, उशाला समई. आत पाऊल टाकलं आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्याकडे न पाहता छताकडे पाहतेय. जुना पंखा, हुकाशी गिलावा सुटलेला. नेमकी त्याच्या खाली खुर्ची घेऊन त्यांच्या पत्नी बसल्या होत्या.

तेवढ्यात यूसुफ आला. आता दाढी पिकलेला. त्यानं चपला काढल्या, उंबऱ्यात थांबला आणि मान मागे टाकली. मग खाली माझ्याकडे पाहिलं.

"पंखा हिल रा, अम्मा," तो हळूच म्हणाला.

"बघितलं," मी म्हटलं.

काकूंना काही न सांगता आम्ही त्यांची खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली, त्यानं डाव्या हातानं, मी दोन्ही हातांनी, आणि त्यांच्यासकट भिंतीशी सरकवली. त्यांनी पाय तेवढे उचलून धरले. त्यांना बहुतेक सवय होती.