प्रेमलाकाकू खुर्चीत बसल्या

रायपूरच्या समता कॉलनीतल्या प्रेमलाकाकूंना दुसऱ्यानं केलेलं काम आजवर कधी पसंत पडलेलं नाही. बाईनं घासलेली कढई त्या पुन्हा घासणार, शिंप्यानं घातलेली टीप उसवून पुन्हा घालणार. रामकृष्णकाकांनी आणलेली कोथिंबीर तर त्यांच्याच नाकासमोर धरून विचारणार, "ही काय गाईसाठी आणली?" काका रेल्वेतून रिटायर झालेले, शांत माणूस. ते म्हणायचे, "आणली होती माणसांसाठीच, आता गाईले देऊन टाक." स्वभावानं वाईट नाही हो बाई. घरासाठी जीव टाकते. पण हात म्हणून स्वस्थ राहत नाहीत.

याच हातांपायी मोठ्या मुलीच्या, चित्राच्या लग्नात घोळ झाला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा काकू स्वयंपाकाच्या मांडवात आचाऱ्याशी कढीवरून भांडत होत्या. कढी फुटली असं त्यांचं म्हणणं, नाही फुटली असं त्याचं. काही घरांत मुलीची आई त्या वेळी तुळशीपाशी असते, लग्न पाहत नाही. पण यांच्याकडे तसा काही रिवाज नव्हता. काकूंनी पदर खोचून डाव हाती घेतला आणि तिकडे वाजंत्री वाजली. झालं लग्न! अंतरपाट खाली आला त्या वेळचा फोटो अल्बममध्ये आहे. नवरदेव चित्राकडे पाहतो आहे, आणि चित्रा मान वळवून भलतीकडेच कुणाला तरी शोधते आहे. चित्रा त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. काकूंना तेच जास्त लागत असे.

म्हणून यंदा मे महिन्यात धाकट्या अनुश्रीचं लग्न ठरलं, तेव्हा अनुश्रीनं आधीच बजावलं, "आई, मले तुझ्याकडून दुसरं काहीच नको. अंतरपाट पडंल तेव्हा तू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली दिसली पाहिजे. बस."

"एवढंच ना? बसते की."

"ताईलेही तू हेच म्हटलं होतं."

आता मात्र बसायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पण त्याच आठवड्यात अनुश्रीनं सांगितलं, की लग्नाची फुलं कॉलेजातल्या मुली करणार आहेत. तिची मैत्रीण शर्मिष्ठा फुलांच्या सजावटीचा डिप्लोमा शिकवते, आणि तिच्या मुलींना परीक्षेसाठी एक खरंखुरं लग्न सजवून दाखवायचं होतं.

"अगंबाई! हे लग्न आहे का प्रॅक्टिकल?" काकू उसळल्या.

"दोन्ही," अनुश्री म्हणाली. "डेकोरेटर प्लास्टिकची फुलं लटकवते, आई. ह्या पोरी खरी आणून राहिल्या."

मुलींची म्होरकी सोनिया, अभनपूरकडची, एवढीशी पोट्टी. घरी झेंडूची शेती. मराठी तिला कळे, पण बोलायची हिंदी. लग्नाच्या दिवशी उजाडताच ती दोघी मैत्रिणींना घेऊन हॉलवर हजर झाली आणि काकूंचं पहिलं पाणी पिऊन व्हायच्या आत स्टेजच्या खांबांवर निशिगंध चढायला लागला. काकूंनी लांबून पाहिलं. खोट काढायला जागा सापडेना, त्याचाच त्यांना राग आला.

मग सोनियानं नवरीच्या खोलीत थर्माकोलचा डबा आणून ठेवला. आत मोगऱ्याचे गजरे आणि वधूवरांच्या मुंडावळ्या, कळ्या मिटलेल्या, खाली बर्फाच्या पिशव्या. "आंटी, इसको खोलना मत. शाम को सीधा निकालेंगे, तब तक कलियाँ अपने आप खिलेंगी."

खोलना मत! आणि हे सांगावं कुणाला, तर प्रेमलाकाकूंना!

बाईनं तासभर तरी दम धरला, हे मान्य केलं पाहिजे. मग खोलीत कुणी नाही असं पाहून त्यांनी झाकण उचललंच. कळ्या कोरड्या, घट्ट मिटलेल्या. "बाई बाई, हे तर सुकून चाललं! आणि बर्फानं फूल करपते, एवढंही शिकवत नाहीत का ह्यायले?" माहेरी त्यांची आई गजऱ्यावर पाणी शिंपडून ठेवायची. काकूंनी बर्फाच्या पिशव्या काढून बाथरूमच्या बादलीत टाकल्या, तांब्याभर पाणी मुंडावळ्यांवर ओतलं आणि झाकण गच्च दाबून बसवलं. वर पदरानं पुसलंही. मनाला कसं बरं वाटलं त्यांच्या!

बाहेर ऊन रायपूरचं, मे महिन्यातलं. खोलीतला कूलर गरम वारा फेकत होता.

गोरज मुहूर्त जवळ आला, तशी सोनिया हसतच डबा उघडायला आली. झाकण निघालं आणि आंबूस वास सुटला. कळ्या उकडलेल्या लसणासारख्या मऊ, तपकिरी. गजरे गेले, मुंडावळ्या गेल्या, सगळं गेलं. पोरगी मटकन खालीच बसली.

"मैंने तो सब ठीक से रखा था... मॅम मुझे फेल कर देंगी. दीदी की शादी खराब कर दी मैंने." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

प्रेमलाकाकू दारात उभ्या होत्या. नवरीच्या साडीत अनुश्री आरशासमोर बसलेली, तिच्या मागं केस सावरत चित्रा. गप्प राहायला हरकत नव्हती. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या पोरीचे खांदे हलत होते आणि काकू दारातून आत आल्या.

"उठ पोरी, रडू नको," त्या म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही. बर्फ मी काढला. पाणीबी मीच ओतलं."

चित्रानं कपाळावर हात मारून घेतला. सोनियानं वर पाहिलं, नाक पुसलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही सुटल्यासारखं झालं की विचारू नका. "मतलब मेरी गलती नहीं है? हव, फिर कोई टेन्शन नहीं!" उठून ती पळालीच. परत आली ती स्टेजच्या मागच्या खांबांवरचा निशिगंध ओच्यात भरून.

"मुंडावळी तो मॅम ने बनाके दी थी. कैसा बनता है, बताइए. हमारे यहाँ का मउर जैसा?"

"मउर नव्हे गं, तो तर मुकुट. ह्या त्याहून नाजूक." काकूंनी अनुश्रीच्या कपाळावरून बोट फिरवलं. "आडवी एक माळ अशी, अन् दोन्ही कानांजवळून दोन खाली सोडायच्या." सांगता सांगता त्यांनी सुई उचलली, दोन फुलं ओवलीही.

बाहेर गुरुजींनी हाक दिली. श्रेयस, नवरदेव, स्टेजवर येऊन उभा होता.

"आई," आरशातूनच अनुश्री म्हणाली, "खुर्ची."

काकूंच्या हातात सुई तशीच. ह्या पोट्ट्यांना जमेल? वेळेत होईल? देवा रे, नाही झालं तर? सोनियानं अलगद त्यांच्या बोटांतून सुई काढून घेतली. "आप जाइए आंटी. हो जाएगा."

आणि प्रेमलाकाकू गेल्या. पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. काका शेजारी होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तिचा एक हात ओढून त्यात अक्षता ठेवल्या. एक पोरगा धावत आला, "काकू, आचारी विचारून राहिला, वडाभातावर फोडणी आत्ता घालू का मग?"

"त्यालेच विचार!"

नवरी आली. कपाळावर मुंडावळ्या होत्या. श्रेयसच्या मुंडावळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं वीतभर लांब, सारखं त्याच्या नाकावर येत होतं आणि तो फुंकर मारून उडवत होता. काकूंचे हात शिवशिवले. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. उलट त्यांना हसूच आलं. छातीवरचं कसलं तरी ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं, तसं वाटलं त्यांना. झालं की सगळं! आपल्यावाचून झालं, आणि छान झालं.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. अनुश्रीनं आधी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. मान वळवून पहिल्या रांगेत पाहिलं. आई होती. पोरगी एवढी हसली की श्रेयसही मागं वळून पाहायला लागला.

काकूंच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या होत्या. चित्रा केव्हा येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली, त्यांना कळलं नाही.

"मीबी असंच पाहिलं होतं, आई," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे मले."

काकूंनी मूठ उघडली. अर्ध्या अक्षता स्टेजकडे उडवल्या, आणि उरलेल्या चित्राच्या डोक्यावर टाकल्या.