साळूबाईचा कोरडा डबा

साळूबाई माझी चुलती. घर ताम्हिणीला. आषाढात तिथं भिंतीला हात टेकला तर तळवा ओला व्हायचा, आणि ढग पुढच्या दारानं आत येऊन मागच्या दारानं निघून जायचे. अशा घरात कुशाबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, अठ्ठावन्न साली कॅमेरा आणला. रस्त्याच्या मोजणीला आलेले एक साहेब बदली होऊन जाताना त्यांना देऊन गेले होते. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा.

पहिल्या पावसाळ्यात तो चामड्याच्या पेटीत खुंटीला टांगून राहिला. गणपतीत काढला तेव्हा पेटीवर पांढरी लव आली होती, आणि भिंगाच्या आत कोळ्यानं जाळं विणावं तशी बुरशी पसरली होती. त्या वेळच्या फोटोंत सगळी माणसं धुक्यात उभी राहिल्यासारखी आली. पुण्यातल्या एका दुकानदारानं भिंग उघडून पुसून दिलं.

"त्यो म्हनला, तुमच्याकडल्या पावसात ह्यो टिकायचा न्हाई," चुलते घरी येऊन म्हणाले.

"बियानं टिकतंय न्हवं? मग ह्योबी टिकंल," चुलती म्हणाली. "आदी त्या चामड्यातनं काडा. चामडं पानी धरतंय."

आधी तिनं तो चुलीवरच्या शिंक्यात ठेवून पाहिला. कोरडा राहिला, पण धुरानं चिकट झाला. मग तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. मूठभर तांदूळ तव्यावर तांबूस होईतो भाजले, निवू दिले, फडक्यात पुरचुंडी बांधून डब्यात ठेवले. शेजारी मऊ धोतराच्या तुकड्यात कॅमेरा. झाकणाच्या सांधीत मेण भरलं. आणि आत भाजलेल्या पापडाचा एक तुकडा टाकला. दर सोमवारी ती डबा उघडी आणि तो तुकडा मोडून बघे. कटकन मोडला तर ठीक. वाकला, की तांदूळ बदलायचे.

डबा उघडला की कॅमेरा घेऊन ती घटकाभर दाराशी बसे, त्याला वारा लागावा म्हणून. तेवढ्यात वरच्या काचेत बघे. काचेत डावं ते उजवं दिसायचं. समोरचा डोंगर भलतीकडं वळायचा. खाली उतरणाऱ्या गाई दुसऱ्याच गावाला निघाल्यासारख्या वाटायच्या. आमचीच खाचरं, आमचाच बांध, पण कुणी स्वप्नात पाहिल्यासारखा.

"तितला पाऊस भिजवत न्हाई," ती मला एकदा म्हणाली होती.

"दाब की खटका एकदा," चुलते म्हणायचे.

"माजं काम राखायचं. काडायचं तुमी."

अशी पाच वर्षं गेली. त्रेसष्टच्या श्रावणात चुलते हिवतापानं अंथरुणात होते. त्या दिवशी सकाळी तुकाबाई धनगरीण इरलं पांघरून, दोन कोस चिखल तुडवत आली. तिचा मुलगा सिद्धू फौजेत भरती झाला होता. दुसऱ्या दिवशी निघायचा होता.

"त्याचा फोटू काडायचाय व्हय?" चुलतीनं विचारलं.

"त्याचा न्हाई, माजा काडा. त्यो लई लांब चाललाय. त्याच्यापाशी माजं तोंड असू दे."

चुलत्यांना उठवेना. ते पडल्या पडल्या म्हणाले, "फिल्लम हाय आत. हात हालवू नगंस, येवडंच."

पावसानं जराशी उघडीप दिली होती. तुकाबाई अंगणातल्या धोंड्यावर बसली. चुलतीनं काचेत पाहिलं. एरवी तिथं डोंगर असायचा, आज एक माणूस होतं आणि ते तिच्याकडंच बघत होतं. तुकाबाईची नथ उजव्या नाकपुडीत दिसत होती, आणि मागून धुकं हळूहळू तिच्या खांद्यांवर उतरत होतं.

"हसू का?" तुकाबाईनं विचारलं.

"नगं. त्यो सांजचा घरी येतूया, तवा बगतीस तसं बग."

चुलतीनं श्वास धरला आणि खटका दाबला. काडी मोडावी एवढाच आवाज झाला.

चुलते बरे झाल्यावर रीळ पुण्याला गेलं आणि तिथून फोटो टपालानं सिद्धूकडं. दिवाळीच्या सुमारास त्याचं पत्र आलं. आईच्या घोंगडीचे धागे मोजता येतात, असं त्यानं लिहिलं होतं. ती एवढी ओळ तुकाबाईनं चुलत्यांकडून तीनदा वाचून घेतली.

त्यानंतर फोटो काढून घ्यायला बायका यायला लागल्या. चुलत्यांपुढं त्या पदर ओढून खाली बघायच्या. चुलतीपुढं मान वर करून बसायच्या.

दोन वर्षांनी सिद्धू रजेवर आला. तुकाबाई त्याला घेऊन आमच्या अंगणात आली आणि दोघं शेजारी उभी राहिली. चुलते कॅमेरा गळ्यात अडकवून पुढं झाले.

"दादा, तुमी बसा वाईच," तुकाबाई म्हणाली. "साळूबाय काडंल."

चुलत्यांनी पट्टा गळ्यातून काढून चुलतीच्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसले.