भावी मॅनेजर

योगिनी आता कशालाच नाही म्हणत नव्हती. दिवाळीला माहेरी आली तेव्हापासून उज्वलाच्या जिवाला हा एकच घोर लागून राहिला होता, आणि कुणाला सांगावा तर ऐकणाऱ्याला हसू यावं असा तो घोर होता. कारल्याची भाजी करू? चालेल. दार लावून घेऊ? घे. मावशीकडे येतेस? येते. ज्या पोरीनं सहाव्या वर्षी कारल्याची वाटी खिडकीतून खालच्या जिन्यावर ओतली होती, ती आता कारलं मुकाट्यानं चावून खायची आणि ताट घासून पालथं घालायची. शेखर म्हणायचा, "शहाणी झाली गं पोरगी. लग्न झालं की होतात." उज्वला उठून ते पालथं ताट उगाच पुन्हा पुसायची.

नाही म्हणण्यात योगिनीचा हात धरणारं अख्ख्या सिडकोत कुणी नव्हतं. कॉलनीमागच्या मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी तिला "तू बाजूला हो, लागेल" असं सांगितलं, तेव्हा ती गोलच्या दोन दगडांमध्ये जाऊन उभी राहिली आणि अंधार पडेपर्यंत हलली नाही. तिला हलवायला जो पुढे आला तो मुबीन. त्याच्या नडगीवर लाथ बसली आणि तिथून त्यांची जी मैत्री झाली ती झालीच. शनिवारी टीव्हीवर मॅच असली की योगिनी वडाळ्याला मुबीनच्या घरी. त्याची आई हुस्नबानो दोघांसमोर खाण्याची ताटली ठेवायची आणि परत पाठवताना उज्वलासाठी डबा द्यायची. दोघं ज्याच्यावर जीव टाकत तो इंग्लंडच्या उत्तरेकडल्या कुठल्याशा गावचा फुटबॉल क्लब. त्याचं नाव उज्वलाच्या जिभेवर कधी बसलं नाही. घरात त्याला 'योगिनीचा क्लब' म्हणत.

इंजिनिअर होऊन ती अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला लागली. माल तपासायचा, नापास असेल तर परत पाठवायचा. देवानं जणू तिच्यासाठीच काढलेलं काम! एकदा मोठे साहेब स्वतः खाली आले, म्हणाले, गाडी उभी आहे, सही करून टाक. ती म्हणाली, "तुम्ही करा सर, पेन देते." त्या दिवशी ज्याचा माल परत गेला तो सोमा, नांदगावकडचा मशीनवरचा पोरगा. त्यानं आठवडाभर तिला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग तिचा भक्तच झाला. तिच्या नादानं फुटबॉलही बघायला लागला. ऑफसाइडचा नियम त्याला आजतागायत कळलेला नाही.

आणि पेढ्यांची गोष्ट तर बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. योगिनीच्या क्लबला तेव्हा एक मॅनेजर होता. फार कडक. हिच्या टोळीनं त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं होतं. एक खेळाडू त्याच्याविरुद्ध बाहेर काहीतरी बोलला, म्हणून मास्तरनं त्याला मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. योगिनी दोन दिवस धुमसत होती. "माणसाला सगळ्यांसमोर वाकवतो तो कसला मास्तर?" पुढे क्लबनं त्याला काढलं, तर हिनं पेढे आणून तिन्ही मजल्यांवर वाटले. खालच्या आजींनी विचारलं, "स्थळ आलं का गं?" ही म्हणाली, "नाही आजी, एक माणूस कामावरून गेला." आजी "अरेरे" म्हणाल्या आणि पेढा खाल्ला.

स्थळ आलं ते पुढच्या वर्षी. शेखरच्या मामांनी, सटाण्याच्या जयराममामांनी आणलं. जीवन, एकुलता एक, कांद्याचा व्यापार, घराला लागून कांदा निवडायचं, भरायचं स्वतःचं खळं. पोरगा बोलायला गोड होता, योगिनीलाही आवडला होता. खोटं कशाला सांगा. सटाण्याहून अंबडला रोज जाणं होण्यासारखं नव्हतं, नोकरी सुटली. मग फोन आखूड होत गेले. मग फोनवर नुसतं हो, बरं, ठीक.

भाऊबीजेच्या दिवशी मेथी निवडता निवडता तिनं एकदाच सांगितलं. खळ्यावरच्या एका बाईचं लेकरू तापानं फणफणलं होतं, तर हिनं जीवनला न विचारता तिला घरी जा म्हटलं. संध्याकाळी जीवननं कांदा निवडणाऱ्या सगळ्या बायका, हमाल, ड्रायव्हर गोळा केले आणि हिला मध्ये उभं करून हात जोडायला लावले. चुकलं माझं, परत या खळ्यात तोंड घालणार नाही, असं म्हणायला लावलं. सासू सिंधुबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सांगताना योगिनीचा आवाज बाजाराची यादी वाचावी तसा होता. जुडी संपली, तिनं देठं गोळा केली आणि कचऱ्यात टाकून आली. पुन्हा ती त्या विषयावर बोलली नाही.

"मारलं तर नाही ना?" शेखरनं विचारलं होतं. जयराममामांनीही तेच विचारलं. "हात उचलला का? नाही ना? मग सूनबाई, येवढं काय! पोर आमनीच शे, आपलीच आहे ती. पौष संपला की बसू." आणि बैठक ठरली. रविवारी सकाळी, सटाण्याला, मामांच्या ओट्यावर. दोन्हीकडची माणसं बसतील, जीवनला दोन शब्द सुनावतील, हिला दोन शब्द समजावतील, आणि दुपारचं जेवण झालं की पोरगी सासरी.

बैठकीत शेवटी पोरीलाही एकदा विचारायची रीत आहे. "तुझं काय म्हणणं, बाई?" असं कुणीतरी म्हातारं विचारतं. उज्वलाची सगळी भिस्त त्या एका प्रश्नावर होती. आपण मध्ये पडलो तर आईनं फूस लावली म्हणतील. पण पोरगी स्वतः नाही म्हणाली तर कुणाची माय व्याली आहे तिला ढकलायला? आणि ती म्हणेल. योगिनी आहे ती. ऐनवेळी म्हणेल.

शनिवारी दुपारी मुबीन, सोमा आणि अंबडची जुनी मैत्रीण तेजल, तिघं घरी आले. योगिनीच्या क्लबनं आठवड्यापूर्वी मॅनेजर काढला होता, पुन्हा. आता नवा कोण, यावरून ग्रुपवर मारामाऱ्या चालू होत्या.

मुबीननं बूट काढायच्या आधीच सुरुवात केली. "काकू, तुम्हीच सांगा. घर बुडतंय. कर्ता कसा पाहिजे, भांडणारा का जेवणारा?"

"आधी पाणी प्या," उज्वला म्हणाली.

भांडणारा म्हणजे 'वकील'. तो हरला तरी पत्रकारांसमोर तासभर युक्तिवाद करतो, म्हणून ते नाव. जेवणारा म्हणजे 'जावईबापू'. ज्या क्लबात जाईल तिथं त्याची सरबराई.

"वकीलच पाहिजे," मुबीन म्हणाला. "माणूस मुद्दा सोडत नाही."

"मुद्दा सोडत नाही, मॅच सोडतो," तेजल म्हणाली. "अरे, कोर्टात पुढची तारीख मिळते. लीगमध्ये मिळते का?"

"जावईबापूच आणा," सोमानं मांडी ठोकली. "लय भारी गडी. येतो, कप जिंकतो, मांडे खातो, हात धुतो, पुढच्या घरी."

"आणि मागची भांडी आपण घासायची! जावयांचं काय जातं, त्यांना..." तेजलनं जीभ चावली. कुणी कुणाकडे बघेना. दिवाणावर बसून योगिनी मटार सोलत होती. तिचा हात थांबला नाही.

मुबीननंच सावरलं. "ऐका, आयडिया ऐका. शालिमार चौकात डझनभर भावी नगरसेवकांचे फ्लेक्स लागलेत. त्यांच्या मधोमध आपला फ्लेक्स. भावी मॅनेजर! पांढरा शर्ट, हात जोडलेले, डोक्यावर गॉगल. खाली आपण सगळे गोल गोल फोटोंत, शुभेच्छुक. फोटो काढून थेट क्लबला पाठवायचा. इंग्लंडवाले चक्रावतील."

सोमा म्हणाला, "माझा फोटो मोठा पाहिजे."

"तुला ऑफसाइड सांगता आला की मोठा."

स्वयंपाकघरात चहा गाळताना उज्वलाला हसू फुटलं. किती दिवसांनी या घरात आवाज चढला होता! फ्लेक्सचा मजकूर नेहमी योगिनीच लिहायची. त्यासाठीच ही पोरं आली होती, नुसती विचारपूस करायला आली असती तर तिनं दोन शब्दांत वाटेला लावली असती. शहाणी पोरं. उज्वलानं आल्याचा आणखी एक तुकडा ठेचून टाकला.

"एक मात्र पक्कं," तेजल सांगत होती. "ग्रुपवर काही येडे म्हणतायत मास्तरला परत आणा. योगे, तू त्यांना एकदा झोड बाई. तुझ्याशिवाय ऐकायचे नाहीत ते."

"मास्तरलाच आणा," योगिनी म्हणाली.

तिघं खो खो हसले. "बघा, पेढेवाली बोलली," मुबीन म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, ती हसत नाहीये.

"खरंच सांगते. त्याला क्लब माहीत आहे. नवा येईल तोही ओरडणारच. ह्याचं ओरडणं निदान कुठवर जातं ते माहीत आहे."

"अगं, आणि ती माफी? मैदानात उभं करून?"

"मागितली तर काय झालं? दोन मिनिटांचा प्रश्न. तो खेळाडू बाहेर बोललाच नसता तर काही झालं नसतं. टीमनं पण समजून घ्यायला हवं होतं." तिनं एक शेंग उकलली, दाणे अंगठ्यानं भांड्यात लोटले.

सोमा पुढे सरकून बसला. "मॅडम, केसाएवढ्या फरकापायी तुम्ही माझा आख्खा माल फेकला व्हता. आठवतंय नाय?"

"तेव्हा कळत नव्हतं, सोमा."

मुबीननं उगाच फोन काढला, उगाच हसला. "बरं बाई, तू म्हणशील ते. मजकूर सांग. भावी मॅनेजर... पुढे काय लिहू?"

"भावी नको," योगिनी म्हणाली. "लिही. मास्तर, चुकलं आमचं. परत या."

मुबीनचा अंगठा फोनवर तसाच राहिला. उज्वला ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. हाच आवाज होता. मेथी निवडतानाचा.

चहा कुणी धड प्यायलं नाही. निघताना तेजलनं योगिनीला घट्ट मिठी मारली. योगिनीनं ती मारू दिली. मुबीन जिन्याजवळ बूट घालत बराच वेळ नाडीशी खेळत बसला.

"काकू, उद्या विचारतील ना तिला?"

"विचारतील."

"मग?"

उज्वलानं त्याचा दुसरा बूट पायानं त्याच्यापुढे सरकवला. मुबीन उठला. "लहानपणी माझ्याशी भांडायची ना, मला जाम राग यायचा," एवढं म्हणून तो भराभर खाली उतरला.

आत योगिनीनं बॅग भरायला घेतली होती. साड्यांच्या घड्या एकावर एक, कडा जुळवून. क्लबची लाल जर्सी तिनं बाजूला काढून ठेवली होती. "ही फरशी पुसायला घे आई. कापड चांगलं आहे, पाणी ओढेल."

शेखर गाडीत हवा भरून आला. "सकाळी सातला निघू. मामांसाठी फळं आणायची राहिलीत, आणतो."

"अहो, उद्या विचारलं तर ती हो म्हणणार आहे."

"मग उत्तमच की! आपल्याला काय हवंय दुसरं?"

"तिला विहिरीत उडी मार म्हटलं तरी हो म्हणेल. तुम्ही ऐकलं नाही आज. त्या मॅनेजरला परत आणा म्हणाली ती. पेढे वाटले होते जिनं."

शेखरनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं, तिचीच काळजी वाटावी तसं. "उज्वला, फुटबॉलवरून संसार ठरतात का? झोप नाही तुला नीट. कुठली फळं घेऊ, चिकू की सफरचंदं?" मग उत्तराची वाट न बघता पिशवी घेऊन तो गेला. फोन टेबलावरच विसरला.

उज्वला पोरीच्या खोलीच्या दारात गेली. "योगिनी, समज मी मामांना सांगितलं, आम्ही येत नाही. बैठक नको, पोरगी पाठवत नाही. तर?"

योगिनीनं मान वर केली. उज्वला त्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिली. राग चालला असता, रडणं चाललं असतं, तुला कुणी विचारलंय म्हणाली असती तरी उज्वलानं देवापुढे साखर ठेवली असती.

"चालेल," योगिनी म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.

म्हणजे जायलाही चालेल आणि राहायलाही. उद्या भिस्त ठेवावी असं त्या ओट्यावर कुणीच असणार नव्हतं. उज्वलाला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. मामा संतापतील, सटाण्यात तोंडाला येईल ते बोललं जाईल, शेखर महिना महिना अबोला धरेल. आणि इतकं करून ही पोरगी इथंच बसून कारलं खात राहील, कदाचित वर्षानुवर्षं. गेलेली योगिनी एका फोननं परत येणार नव्हती, हेही तिला कळत होतं.

जयराममामा तिचे मामेसासरे. त्यांच्यासमोर ती आजही पदर घेऊन उभी राहायची, पाया पडायची, आत जायची. स्वतःहून तिनं त्यांना कधी फोन केला नव्हता. त्यांचा नंबरही तिच्याकडे नव्हता. टेबलावरचा शेखरचा फोन तिनं उचलला. नाव सापडलं. यावरूनच लावला तर मामा "बोल शेखर" म्हणूनच उचलतील, आणि 'आम्ही येत नाही' हे शेखरचं वाक्य होऊन जाईल. तिनं आपला फोन शेजारी ठेवला आणि मामांचा नंबर बघून बघून, एकेक आकडा, स्वतःच्या फोनवर दाबायला घेतला.