टिटवीनं खाली घातलेली अंडी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, टिटवीच्या पिल्लांचे फोटो कधी पाठवणार? आणि मी पुन्हा उन्हाचं आणि गुडघ्यांचं कारण पुढे केलं. तुम्ही तिकडे समुद्रकिनारी तासन्‌तास पक्षी बघता, म्हणून तुम्हाला थापा मारणं जास्त टोचतं. पिल्लं निघालीच नाहीत. का, ते आता सरळ लिहिते.

आपल्या बीडला समुद्र नाही. आपला किनारा माजलगावच्या धरणाचा. हिवाळा सरला की पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबूज, काकडी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. माझ्या धाकट्या जावेचं, म्हणजे तुमच्या धरणावरच्या आजीचं, तिथे टरबुजाचं रान आहे. यंदा पाडवा झाल्यावर तुम्ही पाठवलेली दुर्बीण घेऊन मी तिच्याकडे राहायला गेले.

पहाटे दोघी काठावर जायचो. लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात फिरत होते, वरून नदीसुरय माशांसाठी पाण्यात सूर मारत होते. जाऊ माझ्यावर हसायची. म्हणायची, घरात चष्मा सापडत नाही तुम्हाला, आणि इतक्या लांबची चोच दिसती. एके दिवशी तिनं मला वेलांच्या पलीकडे नेलं. भेगाळलेल्या गाळात एका खळग्यात चार अंडी होती, मातीच्याच रंगाची, टोकं आत वळवलेली. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. आम्ही मागे सरलो. दुर्बिणीतून मी पाहिलं, ती पाण्यात गेली, पोट भिजवलं आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसली. उन्हात ती अंडी थंड ठेवायची तिची ही रीत.

परत येताना जाऊ म्हणाली, "कुणाला सांगू नका बाई. लोकं पाऊस बघाय येतील."

तुम्हाला हे ठाऊक नसेल. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खाली घातली तर कमी, असं इकडे मानतात. आणि ही तर थेट धरणाच्या पोटात उतरली होती. मी बरं म्हटलं. खरं तर मला हसू आलं होतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, जन्मभर प्रत्येक गोष्टीला पुरावा मागत आले. संध्याकाळी फोटो तुम्हाला पाठवला, आणि तोच भावकीच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, "यंदा टिटवी धरणात उतरली. पावसाचं काही खरं नाही." पुढे हसणारं तोंड. जागाही लिहिली, टरबुजाच्या रानामागे. अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही.

माझ्या विनोदाला कुणी हसलं नाही. सकाळी काठावर मोटारसायकली लागल्या. जाऊ दारात उभी राहून बघत होती. माझ्याकडे एकदा बघून ती भाकरी करायला आत गेली. तिची भाकरी होईपर्यंत मी थांबले, कारण एकटीनं तिकडे जायची मला लाज वाटत होती. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि खळगा रिकामा होता.

भावकीतले माझे एक वयस्कर दीर वरच्या बांधावर उभे होते. त्यांच्या पायाशी वाळलेल्या गवतावर चार अंडी मांडून ठेवली होती. त्यांचा सगळा ऊस पावसावर अवलंबून. ते समाधानानं म्हणाले, "लई जपून आणली वहिनी, उपरण्यात. आता उंचावर हायेत. पडंल पाऊस."

खाली अंडी म्हणजे दुष्काळ, हे त्यांना मीच लिहून कळवलं होतं. त्यांनी त्यावर उपाय केला, इतकंच. अंडी हाताला भाकरीसारखी गरम लागली. जावेनं ती पदरात घेतली आणि खाली नेऊन खळग्यात ठेवली. लोकांना तिनं हाकललं. दिरांनाही. मोठ्या दिराशी तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला मात्र ती एवढंच म्हणाली, "चला बाई, तुमाला ऊन लागंल."

टिटवी परत आली. ती आली नसती तर मला सोपं गेलं असतं. ती पाण्यावर जायची, पोट भिजवायची, येऊन बसायची. मी होते तोवर रोज हेच. पिल्लं निघायचे दिवस उलटून गेले तरी ती बसून होती, असं जावेनं नंतर फोनवर सांगितलं. मी विचारलं म्हणून. मग एका सकाळी ती उठून गेली. अंडी तशीच होती. जावेनं ती तिथेच मातीत पुरली.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या बाई, आणि टरबुजाच्या भावाबद्दल बोलू लागली. दिरांना अजून वाटतं की आपण चांगलंच केलं. त्यांचा गैरसमज दूर करायला मी दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. तो गैरसमज माझ्या हातचा होता.

ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला. त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला कळतं. तुमच्याकडे आहे तो ठेवा, पण पुढे कुणाला पाठवू नका.

टिटव्यांची जोडी अजून धरणावर आहे. त्यांनी पुन्हा अंडी घातली आहेत, एवढं जावेनं मला सांगितलं. कुठे, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.