मशीनने खाल्लेली शिट्टी

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, माझ्या लेकीला कानाची नवीन मशीन बसवली आणि त्याच आठवड्यात ती कुकरच्या शिट्टीला वळेनाशी झाली. दोन वर्षांची पोर, जन्मापासून कमी ऐकू येतं, पण जुन्या मशीनवर शिट्टी झाली की हातातलं टाकून टाळ्या पिटायची. डॉक्टरांचे ग्राफ मला कळत नाहीत, माझी टेस्ट म्हणजे कुकर. आता शिट्टी होते आणि ही आपली ठोकळे रचत बसलेली.

क्लिनिकमधली कानाची मॅडम कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, मशीन परफेक्ट आहे. मग हसायची थांबली आणि म्हणाली, मुलीचंच ऐकणं अजून उतरलं असेल, झोपेचं औषध देऊन मोठी टेस्ट करू. त्यानंतर ती आणि हे भराभर इंग्रजीत बोलत राहिले, आणि कारमध्ये मला सांगितलं काय, तर दोन वाक्यं.

"काय लपवताय तुम्ही?"

"अगं, काय लपवणार? तुला सगळ्यांचाच संशय."

"मग माझी हाक कशी ऐकू येते तिला? कान गेला तर हाकही जायला पाहिजे ना?"

यांनी वायपर चालू केला. म्हणजे यांनाही माहीत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्याच रांगेत शेवटच्या घरात एक काका राहतात, रिटायर्ड इंजिनिअर, आयुष्यभर फोनमधला आवाज साफ करायचं काम केलं. मी स्नो तुडवत त्यांच्याकडे गेले, धापा टाकतच सगळं सांगितलं. काका म्हणाले, बेसमेंटला येत जा, शिकवतो. मनात आलंच, फुकट कोण शिकवतं? आणि मी बारावी नापास.

"काका, मला गणित येत नाही हो."

"सरासरी काढता येते?"

"ती येते."

"मग बस खाली. काकू बघेल पोरीला."

काकांनी कागदावर एक लाट काढली आणि तिच्यावर ठिपके मारले. म्हणाले, मशीन आवाज ऐकत नाही, सेकंदाला हजारो वेळा मोजते, नुसते आकडे. शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढली की खरखर बसते, त्याला फिल्टर म्हणायचं. मी काढून बघितली, लाट खरंच गुळगुळीत झाली. पण मला पटेना.

"आकड्यांना काय कळतं, नको तो आवाज कुठला आणि आईचा कुठला?"

"काही कळत नाही. बोलणं सारखं बदलतं, ते तसंच पुढे जाऊ द्यायचं. एकसारखा लांब सूर आला की धरायचा आणि दाबायचा."

"का पण?"

"माइक आणि स्पीकर एकाच कानात. स्वतःचाच आवाज परत माइकमध्ये शिरला की मशीन कुईं करते. म्हणून लांब सूर दिसला की तिला वाटतं, हा माझाच." मग हसले. "बनवणाऱ्यांच्या घरी वरण-भाताचा कुकर नसणार, काय करतील!"

पुढच्या शनिवारी त्यांनी बिस्किटाएवढा एक सर्किट बोर्ड काढला, त्याला माइक जोडला, हेडफोन जोडला, आणि तसाच सूर दाबणारा प्रोग्राम टाकला. मी हेडफोन लावून लेकीला हाक मारतात तशी हाक मारली. स्वच्छ आली. मग फोनवर आमच्या कुकरचं रेकॉर्डिंग लावलं. शिट्टी सुरू झाली आणि विरत विरत गेली.

"काका, तुम्ही आवाज कमी केलात."

"माझे हात बघ कुठे आहेत." दोन्ही हात त्यांनी वर धरले होते.

तरी मी बोर्ड स्वतःच्या हातात घेतला, एकेक वायर काढून परत लावली, काकांना जिन्यात उभं केलं आणि पुन्हा शिट्टी लावली. पुन्हा गेली. काका जिन्यातून म्हणाले, "हुरळू नकोस. तिच्या मशीनमध्ये हेच असेल असं नाही. विचारून ये."

क्लिनिकमध्ये यांना म्हटलं, आज मी बोलणार. घाबरत घाबरत मीच म्हणाले, मशीन ईट व्हिसल, आणि फोनमधलं रेकॉर्डिंग पुढे केलं. मॅडमने भुवया उंचावल्या. मला वाटलं आता हाकलणार. पण ती कॉम्प्युटरकडे वळली, स्क्रीनवरचं काहीतरी खाली ओढलं आणि मान हलवली, शिट्टी लावा म्हणून. मी लेकीच्या पाठीमागे जाऊन फोनवरची शिट्टी लावली.

लेक थबकली. टाळ्या नाही वाजवल्या, उठली आणि टेबलाखाली, दाराआड, कुकर शोधत फिरायला लागली. यांनी खुर्चीतच तोंड झाकलं. मॅडम म्हणाली, मोठी टेस्ट तरी करू या, पण आता घाई नाही. यांनी प्रत्येक वाक्य मला मराठीत सांगितलं, न विचारता.

सूर दाबणं कमी केलंय त्यामुळे आता मशीन मधेच शिट्टी मारते, कानाजवळ काही आलं की लगेच. म्हणजे मी तिला कुशीत घेतलं की कुईं. ती दचकते, माझं डोकं दोन्ही हातांनी लांब ढकलते, कुईं थांबते, आणि मग पुन्हा गळ्यात हात टाकते. मी मान ताठ धरून तशीच बसते, श्वाससुद्धा हळू सोडते.