किडकिडीत पोरं आणि नगरपालिकेचं दूध

समस्त सोलापूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळवते की, शुक्रवार पेठेतलं बाळांच्या दुधाचं केंद्र एकदा आम्ही आयांनीच बुडवायला काढलं होतं. ते वाचलं एका माणसाच्या हाताला कळ लागली म्हणून.

तिथलं दूध आणि नर्सबाईंचा पगार नगरपालिका देई. माझ्या अंगावर दूध नव्हतं; केंद्राच्या दुधावरच माझी लेक जगली होती. पुढे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला नगरपालिकेचे एक सभासद केंद्रात आले. पोरं सगळी गुटगुटीत. पण आपल्या पोराला आपणच चांगलं म्हटलं की दृष्ट लागते ना!

"बाळ कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"लई किडकिडीत हाय बघा," पहिली म्हणाली.

"काय अंगाला लागंना," दुसरी म्हणाली.

"माझी तर नुसती काडी हाय," मी म्हणाले आणि लेकीला पदराखाली झाकलं.

"मग या दुधाचा उपयोग काय?" सभासद म्हणाले.

नर्सबाईंचे डोळे भरून आले. मला राहवेना. पदर बाजूला करून मी लेक सरळ त्यांच्या हातात दिली. तिने त्यांची मिशी धरली, आणि ते तिला घेऊन मटकन बाकावर बसले.

"अहो बाई, ही काडी म्हणायची की ओंडका?"