मुक्कामी डॉक्टर

दवाखान्याच्या क्वार्टरमागे दोरीवर धुतलेले कपडे वाळताना दिसले, तेव्हा आमच्या गावाला पहिल्यांदा वाटलं, हा डॉक्टर राहणार. आधीचे डॉक्टर जालन्याहून गाडीने यायचे आणि दुपारी दोनला परतायचे. आमचं गाव केदारखेड्याच्याही पुढे. दोननंतर आजारी पडायची आम्हाला सोय नव्हती. हे मात्र सामानासकट आले. त्यांचं खरं नाव कागदावरच राहिलं; गावात सगळे मुक्कामी डॉक्टरच म्हणायचे.

शिक्षण संपल्यावर एक वर्ष सरकारी दवाखान्यात काढायची अट असलेली पोरं-पोरी आमच्याकडे यायची. गाव त्यांना बाँडवाले म्हणे. मुक्कामी डॉक्टर त्यांना पहिले आठ दिवस पेशंट तपासूच देत नसत. गळ्यातली नळी काढून घ्यायचे आणि आशाताईंबरोबर घरोघर पाठवायचे. कुणाकडे पाणी कुठून येतं, कोणती सून आठव्या महिन्यातही कापूस वेचायला जाते, कोण म्हातारा गोळ्या घेतल्या म्हणतो आणि उशाखाली ठेवतो, हे पाहून यायचं. "औषध मंग, आधी माणूस," असं ते म्हणत.

एक पुण्याचा मुलगा चिडला. "सर, मी डॉक्टर आहे. जनगणनेला आलेलो नाही."

"जनगणनावाला बरा, निदान दारात उभा राहून बोलतो. तुम्ही तर फोनवर बोलत बोलत नाडी बघता," डॉक्टर म्हणाले. आशाताई तोंडाला पदर लावून हसल्या. नवव्या दिवशी त्या मुलानं रांगेतल्या एका म्हातारीला विचारलं, "मावशी, नातवाचा खोकला थांबला का?" म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आता हा आपला झाला बघ."

कर्मचारी गावातच राहतो, असा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी लागतो. बऱ्याच गावांत तो डोळे झाकून देतात. मी बियाण्यांच्या कंपनीत वजनकाट्यावर काम करतो. न पाहता आकडा लिहिणं मला जमत नाही. म्हणून ग्रामसभेनं ठराव लिहायला मला बसवलं, तेव्हा मी डॉक्टरांनाच विचारलं, "वर्षात किती रात्री बाहेर होता?"

सरपंच म्हणाले, "अरे, उलटतपासणी लावली का काय?"

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. "अकरा. लिहा भाऊ, बराबर लिहा."

माझ्या मोजणीत दहाच होत्या. मी अकरा लिहिल्या. त्या दिवसापासून त्यांचा शब्द मी पुन्हा तपासला नाही.

पुढे माझी मुलगी मनीषा डॉक्टर झाली. बाँडही पुरा केला. स्त्रीरोगाच्या पुढच्या शिक्षणाला तिला जागा मिळाली होती. तेव्हा डॉक्टर आमच्या घरी आले. बायकोनं चहा दिला.

"दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी आहे," ते मनीषाला म्हणाले. "दोघं मिळून बाळंतपणाची खोली नीट चालवू. कळा सुरू झालेल्या बाईला जीपमध्ये घालून भोकरदनला न्यावं लागणार न्हाई. दोन वर्षं इथं काढ, मंग सेवेतून शिकायला जा. मी शिकवतो तुला. मी कुठं चाललोय?"

बायको म्हणाली, "हातात आलेली जागा सोडायची?"

मी म्हणालो, "डॉक्टर आहेत ना."

मनीषानं जागा सोडली आणि आमच्या दवाखान्यात रुजू झाली. तेविसाव्या दिवशी मुक्कामी डॉक्टर गाव सोडून गेले.

निरोप नाही, हारतुरे नाहीत. कारकुनानं मला कागद दाखवला. डॉक्टरांना स्वतःलाच पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती. फक्त दुसरा डॉक्टर रुजू झाल्याशिवाय वरचं कार्यालय त्यांना सोडत नव्हतं. "तुम्हाला म्हाईत नव्हतं?" कारकून म्हणाला. "पोरगी तर तुमचीच." मी कागदावरची तारीख पाहिली. आमच्याकडे चहाला आले, त्याच्या चार दिवस आधीची होती.

मनीषानं बाळंतपणाची खोली एकटीनं चालवली. पहिले दोन महिने ती जेवायला बसली की फोन वाजायचा आणि ताट झाकून ठेवावं लागायचं. झाकताना बायको माझ्याकडे बघायची.

वर्षभरानं डॉक्टर मला जालन्यात मस्तगडला भेटले. दुकानातून पिशवी घेऊन उतरत होते. "भाऊ!" म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मनीषा होती म्हणून मला सुटता आलं. लई उपकार झाले."

ते मनापासून बोलत होते. मी विचारलं, "त्या दिवशी चहा पिताना का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ती आली असती का? अन् दवाखाना उघडा टाकून गेलो असतो, तर गावानं काय करायचं होतं?"

मी हात सोडवून घेतले.

यंदा मनीषाची दोन वर्षं झाली. तिला पुन्हा जागा मिळाली. पण तिलाही तीच अट: बदली डॉक्टर रुजू झाला तरच सुटका. मागच्या सोमवारी नांदेडकडचा एक तरुण डॉक्टर दवाखाना पाहायला आला. मी तिचा डबा घेऊन गेलो होतो. त्याला सगळं पसंत पडलं. निघताना त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही आहात ना इथं? बाळंतपणं मला एकट्याला जमणार नाहीत."

"न्हाई," मनीषा म्हणाली. "तुम्ही आलात की मी जाणार. पहिले काही महिने तुम्ही एकटेच असाल."

फोन करतो म्हणून तो गेला. फोन आला नाही.

आयुष्यात वजनात एक दाणा इकडचा तिकडे न केलेला मी तिला म्हणालो, "रुजू झाल्यावर सांगितलं असतं तर?"

ती हात धूत होती. "मला कुणी सांगितलं न्हाई, पप्पा. म्हणून त्याला सांगितलं."

जागा घेण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. शुक्रवारी तिनं दोन बाळंतपणं केली. दुसरं पावणेपाचला.